साइनअप फॉर्म ते ईमेल यादी: जोडणीच्या नोंदी

४ मार्च

आधी मोजदाद. आमच्या संकेतस्थळावर चार ठिकाणी वाचकाचा ईमेल पत्ता मागितला जातो: पानाच्या तळाशी, प्रत्येक लेखाच्या शेवटी, पुस्तिका डाउनलोड करायच्या पानावर आणि संपर्क-फॉर्ममधल्या एका चेकबॉक्सला जोडून. चारही फॉर्म वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या हातांनी बनलेले आहेत. एकाचा मजकूर थेट एका इनबॉक्समध्ये येतो, दुसऱ्याचा डेटाबेसमध्ये जातो, तिसरा स्प्रेडशीटमध्ये भर घालतो. संपर्क-फॉर्मचा चेकबॉक्स कुठेच जात नाही. लोक टिक करतात आणि ती टिक फॉर्मबरोबरच विरते.

महिन्याच्या शेवटी कुणीतरी हे सगळं गोळा करून एक सीएसव्ही (साध्या तक्त्याची) फाइल बनवतं आणि ईमेल पाठवणाऱ्या सेवेत चढवतं. यातला सगळ्यात वाईट भाग असा, की ज्यांनी मधल्या काळात अनसबस्क्राइब केलं त्यांचे पत्ते जुन्या शीटमध्ये तसेच राहतात आणि पुढच्या फाइलबरोबर पुन्हा यादीत शिरतात. 'मी दोनदा नाव काढलं, तरी मेल येतंय' अशी एका वाचकाची तक्रार आली, आणि या कामाला हात घालायचं तिथेच ठरलं. आपल्याला नको म्हणालेल्या माणसाला पुन्हा मेल जाणं हा तांत्रिक घोळ म्हणून सोडून देता येत नाही.

कामाचं उद्दिष्ट एका वाक्यात: कोणत्याही फॉर्ममध्ये पत्ता भरला की तो कुठवर पोचला, कुणाच्या संमतीने पोचला आणि आज कोणत्या स्थितीत आहे, हे आपल्याला कोणत्याही दिवशी सांगता यायला हवं.

६ मार्च

सोप्यात सोपा मार्ग आधी करून पाहिला. सेवेने दिलेला तयार एम्बेड कोड (पानात चिकटवायचा तुकडा) तळाच्या फॉर्मच्या जागी टाकला. काही मिनिटांत फॉर्म चालू. पण ज्यांच्या ब्राउझरमध्ये ट्रॅकर अडवणारं एक्स्टेन्शन आहे, त्यांना त्या जागी रिकामी चौकट दिसते, कारण फॉर्मची स्क्रिप्ट सेवेच्या डोमेनवरून येते आणि ते डोमेन अडवायच्या यादीत असतं. फॉर्म नाही, एरर नाही, काहीच नाही. शिवाय सबमिट केल्यावर वाचक आमचं पान सोडून सेवेच्या पानावर जातो.

एकच फॉर्म असेल, वाचक मोजके असतील आणि कोड लिहिणारं कुणी नसेल, तर एम्बेड पुरेसा आहे. चार फॉर्मना तो पुरत नाही. काढून टाकला.

७ मार्च

एपीआयकडे, म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याशी बोलायच्या दाराकडे, वळलो. पानावरच्या जावास्क्रिप्टमधून थेट सेवेच्या एपीआयला हाक मारता येते का, हे पाहिलं. ब्राउझरने कॉर्सचं (एका डोमेनच्या पानाने दुसऱ्या डोमेनशी बोलण्यावरच्या नियमाचं) कारण देऊन अडवलं. नेटवर यावर प्रॉक्सी (हाक तशीच पुढे ढकलणारा मध्यस्थ) लावायचे सल्ले सापडतात. ते कृपया घेऊ नका. ती अडवणूक तुमच्या भल्यासाठीच आहे. जावास्क्रिप्टमध्ये ठेवलेली एपीआय की (त्या दाराची गुप्त किल्ली) पानाचा सोर्स उघडणाऱ्या कुणालाही दिसते, आणि बहुतेक सेवांमध्ये त्या एका कीने यादीत भर घालता येते तशी अख्खी यादी उतरवूनही घेता येते.

म्हणून फॉर्म आमच्या सर्व्हरशी बोलेल आणि सर्व्हर सेवेशी. की सर्व्हरच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (कोडबाहेरच्या सेटिंगमध्ये) ठेवली, कोडच्या रिपॉझिटरीत नाही. आमच्या सेवेत मर्यादित अधिकारांची की बनवता येते. तीच बनवली: सदस्य जोडणं आणि बदलणं इतकंच तिला जमतं.

१० मार्च

पहिला पत्ता सर्व्हरमार्गे यादीत पोचला. मग तोच पत्ता पुन्हा भरला आणि गाडी अडली. सेवेने 'हा सदस्य आधीपासून आहे' असं ४०० क्रमांकाच्या एररने कळवलं आणि फॉर्मने वाचकाला 'काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा' असा निरोप दिला. बिचारा वाचक पुन्हा प्रयत्न करत राहणार आणि पुन्हा तेच ऐकणार.

उपाय वरवर सोपा: 'जोडा' ऐवजी 'असेल तर बदला, नसेल तर जोडा' ही हाक वापरायची. पण तिच्यात दोन खाचखळगे निघाले आणि दोन्ही यादीचं नुकसान करणारे आहेत.

पहिला स्थितीचा. हाकेबरोबर 'सदस्य' अशी स्थिती सरसकट पाठवली, तर अनसबस्क्राइब केलेला माणूस पुन्हा सदस्य होतो. त्याने स्वतः नव्याने फॉर्म भरला असेल तर ठीक. पण त्याचा पत्ता दुसऱ्याने भरला असेल, किंवा जुनी रांग (पाठवायच्या राहिलेल्या हाका) पुन्हा चालली असेल, तर आपण ४ तारखेच्या तक्रारीपाशीच परत येतो. आमच्या सेवेत 'नवा असेल तरच ही स्थिती द्या' असं वेगळं फील्ड आहे. ते वापरलं. तुमच्या सेवेत नसेल तर आधी सदस्याची सध्याची स्थिती विचारून घ्या आणि मगच लिहा.

दुसरा रिकाम्या फील्डचा. तळाच्या फॉर्ममध्ये नाव विचारत नाही. त्या फॉर्मने नावाच्या जागी रिकामा मजकूर पाठवला आणि लेखाच्या फॉर्ममधून आधी आलेलं नाव पुसलं गेलं. आता भरलेली फील्डच पाठवतो. जे विचारलंच नाही त्याचा उल्लेखही हाकेत नसतो.

आणखी एक. पत्ता नवा असो वा जुना, वाचकाला दिसणारा निरोप एकच ठेवला. 'तुम्ही आधीच सदस्य आहात' हे वाचायला आपुलकीचं वाटतं, पण त्यामुळे कुणीही दुसऱ्याचा पत्ता टाकून तो आमच्या यादीत आहे का हे शोधू शकतो. यादीचा विषय आजार, कर्ज किंवा धर्म यांच्याशी निगडित असेल तर हे किती महागात पडू शकतं, याचा विचार करा.

११ मार्च

पत्त्यांची साफसफाई. मोबाइलचा कीबोर्ड शब्द सुचवताना शेवटी स्पेस टाकतो आणि पहिलं अक्षर कॅपिटल करतो. दोन्ही सर्व्हरवर नीट करून घेतो. इनपुटचा प्रकार 'ईमेल' केल्यावर ॲट चिन्ह समोर असलेला कीबोर्ड उघडतो. एवढ्याने बऱ्याच टायपो कमी होतात.

जुन्या फॉर्ममधली पत्ता तपासणारी नियमावली काढून टाकली. तिला अधिक चिन्ह असलेले पत्ते चालत नव्हते आणि डोमेनचा शेवटचा भाग चार अक्षरांपेक्षा मोठा असला तरी ती नाही म्हणायची. दोन्ही प्रकारचे पत्ते पूर्णपणे वैध असतात. आता इतकंच बघतो: एक ॲट चिन्ह आहे, त्याच्या दोन्ही बाजूंना काहीतरी आहे, उजवीकडे टिंब आहे आणि एकूण लांबी २५४ अक्षरांच्या आत आहे. पत्ता खरा आहे की नाही हे रेग्युलर एक्स्प्रेशनला (मजकुराचा साचा जुळवणाऱ्या नियमाला) कधीच कळत नाही. ते कन्फर्मेशन मेलला कळतं.

१३ मार्च

नावांचा दिवस. आपल्या लिपीत नावं घेणाऱ्या प्रत्येकाने ही नोंद नीट वाचावी.

नावाच्या फील्डला 'फक्त अक्षरं चालतील' असा नियम होता, आणि तो लिहिणाऱ्याने युनिकोडचा (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीचा) विचार केलेला होता. म्हणजे इंग्रजी अक्षरांपुरता तो मर्यादित नव्हता. टेस्टमध्ये 'कमल' हे नाव टाकलेलं, ते पास. प्रत्यक्षात 'शुभांगी' हे नाव टाकलं तर 'कृपया योग्य नाव भरा'. कारण युनिकोडमध्ये क, म, ल ही 'अक्षर' या गटात येतात, पण काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलन्त ही 'चिन्ह' या वेगळ्या गटात. फक्त अक्षरांचा गट मान्य केला तर मात्रा असलेलं जवळजवळ प्रत्येक मराठी नाव अमान्य ठरतं. नियमात चिन्हांचा गट जोडला.

तरी एक अडथळा राहिला. डोळ्यांना न दिसणारी शून्य-रुंदीची चिन्हं काढून टाकणारी एक ओळ होती. पत्त्यांसाठी ती उपयोगाची आहे, कारण कॉपी-पेस्टबरोबर अशी चिन्हं खरोखर येतात. नावाला तीच लावली की 'कऱ्हाडे' हे आडनाव 'कर्हाडे' होऊन बाहेर येतं. काही कीबोर्ड हा अर्धा र लिहिताना साध्या र आणि हलन्तानंतर शून्य-रुंदीचा जोडक घालतात. तो काढला की र उडी मारून रफार होतो. म्हणून पत्त्याची सफाई वेगळी आणि नावाची वेगळी केली. वाचकाच्या नावाने 'नमस्कार' म्हणायचा आणि तेच चुकीचं छापायचं, त्यापेक्षा नाव न घेतलेलं बरं.

तळाच्या आणि पुस्तिकेच्या फॉर्ममध्ये नाव विचारायचं नाही असं ठरलं. लेखाखालच्या फॉर्ममध्ये ते ऐच्छिक आहे.

१७ मार्च

आजची दुरुस्ती या सगळ्या कामातली सर्वांत महत्त्वाची.

सेवा दुपारी थोडा वेळ उत्तर देत नव्हती. आमच्या सर्व्हरने दहा सेकंद वाट पाहिली, सोडून दिलं आणि वाचकाला 'धन्यवाद, आपली नोंदणी झाली' असं दाखवलं. कोडमध्ये एरर पकडली जात होती, पण पकडून तिचं पुढे काही होत नव्हतं. त्या वेळात कुणी कुणी फॉर्म भरला हे शोधायला सर्व्हरचा लॉग चाळला. त्यात पत्ते नव्हते, आणि ते लॉगमध्ये नसणंच योग्य आहे. ती माणसं आपण यादीत आहोत असं समजून बसली असतील. त्यांच्यापर्यंत पोचायला आता काहीही मार्ग नाही.

म्हणून क्रम उलटा केला. फॉर्म आला की पहिलं काम आमच्या स्वतःच्या टेबलमध्ये नोंद. ती झाली की मगच वाचकाला उत्तर. सेवेला कळवायचं काम रांगेत जातं आणि मागून होतं.

टेबलमधले रकाने: पत्ता, कोणता फॉर्म, त्या वेळी चेकबॉक्ससमोर नेमका कोणता मजकूर होता, यूटीसीमधली (जागतिक प्रमाण) वेळ, स्थिती आणि सेवेकडून आलेलं शेवटचं उत्तर. स्थिती मोजक्याच: आला, कन्फर्म झाला, सेवेत पोचला, अनसबस्क्राइब, बाउन्स (मेल न पोचता परत आलं).

रांगेचे नियम: ५०० च्या घरातली एरर (दोष सेवेच्या बाजूला) किंवा टाइमआउट (वेळेत उत्तर नाही) असेल तर पुन्हा प्रयत्न, दर वेळी आधीपेक्षा जास्त थांबून. ४२९ आली, म्हणजे आपण फार वेगाने हाका मारतोय, तर 'रिट्राय-आफ्टर' हेडरमध्ये (उत्तराबरोबरच्या माहितीत) सांगितलेला वेळ थांबायचं. ४०० च्या घरातली बाकीची एरर असेल तर पुन्हा प्रयत्न करून उपयोग नाही, कारण हाकच चुकीची आहे. ती नोंद बाजूला ठेवायची आणि माणसाला कळवायचं. सुरुवातीला सगळ्याच एररना पुन्हा प्रयत्न लावला होता. एक बिघडलेला पत्ता रात्रभर रांगेच्या तोंडाशी अडून बसला आणि मागचे सगळे खोळंबले.

२० मार्च

डबल ऑप्ट-इन. पत्ता भरला की कन्फर्मेशन मेल जाणार, त्यातली लिंक उघडून होकार दिला की मगच यादीत. मजकुराचं काम पाहणाऱ्या ताईंची शंका होती, की या जास्तीच्या पायरीवर बरेच वाचक गळतील. गळतात, हे खरं आहे. पण टायपो असलेले पत्ते, दुसऱ्याने भरलेले पत्ते आणि बॉटने (आपोआप फॉर्म भरणाऱ्या प्रोग्रामने) टाकलेले पत्तेही इथेच थांबतात. पैशांचाही हिशेब आहे: बहुतेक सेवा यादीतल्या पत्त्यांच्या संख्येवर आकारणी करतात, आणि काही तर अनसबस्क्राइब झालेलेही मोजतात. कन्फर्मेशन आम्ही आमच्याकडून पाठवतो आणि होकार आलेले पत्तेच सेवेला देतो. त्यामुळे कच्च्या पत्त्यांचं बिल येत नाही.

लिंकमध्ये सुरुवातीला पत्ताच घातला होता. अधिक चिन्ह असलेला पत्ता टेस्टला घेतला तर 'असा पत्ता सापडला नाही'. यूआरएलच्या प्रश्नचिन्हानंतरच्या भागात अधिक चिन्ह म्हणजे स्पेस असं वाचलं जातं. ते एन्कोड करून घेता आलं असतं, पण पत्ता लिंकमध्ये असूच नये हे जास्त बरोबर. तो सर्व्हरच्या लॉगमध्ये उतरतो, ब्राउझरच्या हिस्टरीत राहतो. आता लिंकमध्ये एक लांब, अंदाज न करता येणारं टोकन (खुणेचा मजकूर) असतं आणि ते काही दिवसांनी निकामी होतं.

२१ मार्च

कालच्या लिंकचा पुढचा भाग. एका कार्यालयीन पत्त्यावर टेस्ट केली तर मेल उघडायच्या आधीच पत्ता कन्फर्म झालेला. कारण सापडायला दुपार गेली. मोठ्या कार्यालयांचे मेल सर्व्हर आत आलेल्या मेलमधल्या लिंक धोकादायक आहेत का हे बघायला स्वतःच उघडून पाहतात. आमची लिंक नुसती उघडली की होकार धरला जात होता, म्हणजे होकार तपासणी यंत्राने दिला.

आता लिंक उघडली की एक साधं पान येतं, त्यावर पत्ता आणि 'हो, मला मेल पाठवा' असं बटण. बटण दाबल्यावर पोस्ट रिक्वेस्ट (माहिती पाठवणारी हाक, नुसतं पान उघडणारी नाही) जाते आणि तेव्हाच स्थिती बदलते. अनसबस्क्राइबच्या लिंकलाही हेच लागू आहे, नाहीतर ही यंत्रं वाचकांना परस्पर यादीतून काढून टाकतात. मेल ॲपमध्ये वरच दिसणारं एका क्लिकचं अनसबस्क्राइब २०१७ च्या आरएफसी ८०५८ या इंटरनेट मानकाप्रमाणे चालतं, आणि त्यातही साधी लिंक न उघडता पोस्ट रिक्वेस्ट पाठवायला सांगितलेली आहे. कारण हेच.

२४ मार्च

कन्फर्मेशन मेल स्पॅममध्ये. डीएनएसच्या (डोमेनची माहिती जिथे ठेवतात तिथल्या) नोंदी उघडल्या.

एसपीएफच्या (आपल्या डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात हे सांगणाऱ्या) दोन वेगळ्या नोंदी निघाल्या: एक कार्यालयीन मेलसाठी जुनी आणि एक सेवेच्या मदत-पानावरून उचलून नव्याने टाकलेली. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते. दोन दिसल्या की तपासणारा सर्व्हर दोन्ही सोडून देतो आणि कायमची एरर धरतो. म्हणजे सेवेसाठी टाकलेल्या नोंदीने कार्यालयाच्या रोजच्या मेललाही धक्का लावला होता. दोन्ही एका ओळीत आणल्या. त्या ओळीतून होणाऱ्या डीएनएस चौकशा १० च्या वर जाता कामा नयेत, हेही मोजून घ्या. प्रत्येक नवी सेवा त्यात भर घालते.

डीकिमची (मेलवरची सही तपासायची) नोंद बरोबर दिसत होती, तरी पडताळणी होईना. डीएनएसच्या पॅनेलमध्ये नावाच्या रकान्यात पूर्ण नाव डोमेनसकट टाकलं होतं आणि पॅनेल शेवटी डोमेन स्वतःहून जोडतं. नोंद झाली होती डोमेन-डोमेन अशा दुहेरी नावाने. पॅनेलमध्ये काय दिसतं यावर विसंबू नका, बाहेरून चौकशी करून बघा. जुनी उत्तरं कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) राहतात, म्हणून दुरुस्तीनंतर टीटीएल (ती जपून ठेवायची मुदत) संपेपर्यंत थांबावं लागतं. तोवर सेटिंग पुन्हा पुन्हा बदलत बसलं तर काय बरोबर होतं तेच कळत नाही.

डीमार्कचं (या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचं काय करायचं, याचं) धोरण सध्या 'काही करू नका, फक्त अहवाल पाठवा' असं ठेवलं आहे. अहवालात आपलेच सगळे स्रोत नीट पास होताना दिसले की कडक करायचं.

हे ऐच्छिक राहिलेलं नाही. गूगल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क तिन्ही सक्तीचे केले आहेत. गूगलच्या लेखी दिवसाला ५,००० किंवा जास्त मेल जीमेलच्या पत्त्यांवर पाठवणारा म्हणजे मोठा. स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्याच्या खाली राहायला हव्यात. आम्ही त्या आकड्याच्या जवळपासही नाही, तरी हे सगळं आत्ताच करून ठेवलं.

२७ मार्च

बॉट आले. रात्रीतून शेकडो पत्ते, आणि त्यातले बरेचसे खऱ्या माणसांचे दिसतात. असं का, हे समजून घ्या: कुणाच्या तरी इनबॉक्सवर हल्ला करायचा असला की असंख्य संकेतस्थळांच्या फॉर्ममध्ये त्याचा पत्ता भरतात. कन्फर्मेशन मेलांचा पूर येतो आणि त्या पुरात बँकेची एखादी सूचना बुडून जाते. म्हणजे आपला उघडा फॉर्म दुसऱ्याला त्रास द्यायचं साधन होतो. एका पत्त्याला चोवीस तासांत एकच कन्फर्मेशन मेल, असा नियम आजच घातला. एका आयपीवरून (इंटरनेट जोडणीच्या पत्त्यावरून) किती, यालाही मर्यादा आहे, पण सैल ठेवली. शाळा आणि कार्यालयं एकाच आयपीमागे असतात.

हनीपॉट फील्डही लावलं: माणसाला न दिसणारी एक जागा, जी बॉट भरतो. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की खरी माणसंही त्यात अडकतायत. फील्डचं नाव 'फोन' असं होतं, आणि ब्राउझरचा ऑटोफिल दिसत नसलेल्या फील्डमध्येही फोन नंबर इमानेइतबारे भरत होता. नाव निरर्थक केलं, ऑटोकम्प्लीट बंद केलं, टॅब दाबत जाणाऱ्याला आणि स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला ते लागणार नाही याची सोय केली. अडकलेल्या नोंदी टाकून न देता वेगळ्या स्थितीत ठेवल्या होत्या, म्हणून त्या वाचकांना कन्फर्मेशन पाठवता आलं.

२९ मार्च

लेखांखालचा फॉर्म काही वाचकांना ४०३ ('परवानगी नाही') ही एरर देतोय, आम्हाला कधीच नाही. आम्ही लॉगिन केलेले असतो, म्हणून आम्हाला पान ताजं मिळतं. बाकीच्यांना कॅशमधलं मिळतं आणि त्यातलं सुरक्षा-टोकन कालचं असतं. टोकन आता पानाबरोबर येत नाही, वाचकाने फॉर्ममध्ये कर्सर ठेवला की मागवलं जातं.

टेस्टिंग नेहमी लॉगआउट करून, खासगी विंडोमध्ये, आणि एकदा तरी मोबाइल डेटावरून.

१ एप्रिल

उलटी बाजू: सेवेकडून आमच्याकडे. वाचकाने मेलमधून अनसबस्क्राइब केलं किंवा मेल बाउन्स झालं, की सेवा वेबहुकने, म्हणजे आमच्या सर्व्हरला स्वतःहून हाक मारून, कळवते.

वेबहुकचा पत्ता सेवेने स्वीकारलाच नाही. आमच्या सेवेत आधी गेट रिक्वेस्ट (नुसतं वाचणारी हाक) पाठवून पत्ता जिवंत आहे का ते बघतात, आणि आमचा सर्व्हर तिथे फक्त पोस्ट घेत होता. ते लगेच सुटलं.

सही तपासण्याचं प्रकरण मात्र चिवट निघालं. प्रत्येक वेबहुकबरोबर सेवा मजकुराची सही पाठवते; आपण त्याच मजकुरावर आपल्याकडच्या गुप्त कीने सही काढून दोन्ही जुळवायच्या. टेस्टच्या नोंदी जुळल्या. खऱ्यांपैकी काही जुळल्या, काही नाही, आणि त्यात काही सूत्र दिसेना. न जुळलेल्या नोंदी एकाखाली एक मांडल्यावर दिसलं: प्रत्येकीत देवनागरी नाव. आमचा कोड आलेलं जेसन (माहितीची मजकुरी मांडणी) आधी वाचत होता आणि सहीसाठी ते पुन्हा लिहीत होता. पुन्हा लिहिताना देवनागरी अक्षरांच्या जागी त्यांचे युनिकोड क्रमांक येत होते. अर्थ तोच, बाइट वेगळे, म्हणून सही वेगळी. सही आलेल्या कच्च्या मजकुरावरच काढायची आणि जेसन त्यानंतर उघडायचं. इंग्रजी नावांनी कितीही टेस्ट केली असती तरी हे सापडलं नसतं. टेस्टच्या नोंदींमध्ये आता 'शुभांगी' आणि 'कऱ्हाडे' कायमचे आहेत.

एकच वेबहुक दोनदा येऊ शकतो, आधीचा नंतर येऊ शकतो. म्हणून घटनेचा क्रमांक जपतो आणि आमच्याकडच्या नोंदीपेक्षा जुनी घटना असेल तर ती सोडून देतो.

३ एप्रिल

जुन्या शीटचा प्रश्न. आधी सेवेतली अनसबस्क्राइब आणि बाउन्सची पूर्ण यादी आमच्या टेबलमध्ये घेतली, तीही 'कधीही पाठवू नये' अशा खुणेसकट. मगच शीट उघडली. क्रम उलटा झाला तर सगळं मुसळ केरात.

शीटमधल्या बऱ्याच पत्त्यांसमोर ते कुठून आले याची नोंद नाही. काही तर संपर्क-फॉर्मच्या त्या काळातले आहेत, जेव्हा त्याचा चेकबॉक्स आधीच टिक केलेला असायचा. युरोपात २५ मे २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्याच्या सातव्या कलमाप्रमाणे संमती मिळाली होती हे दाखवण्याची जबाबदारी पत्ता वापरणाऱ्यावर असते, आणि आधीच टिक केलेला चौकोन ही संमती धरता येत नाही. आमचे काही वाचक तिकडचे आहेत. पण कायदा बाजूला ठेवला तरी, ज्याने हो म्हटलं हे आपल्यालाच सांगता येत नाही, त्याला मेल पाठवायचं कोणत्या तोंडाने?

ताईंचं म्हणणं होतं, की इतक्या वर्षांची यादी अशी सोडून देणं जिवावर येतं. ते खरं आहे. शेवटी असं ठरलं: ज्यांची नोंद आहे ते यादीत, बाकीचे नाहीत, आणि त्यांना 'पुन्हा हो म्हणा' असं विचारणारं मेलसुद्धा पाठवायचं नाही. यादी बरीच आटली. सेवेचा प्लॅन एक पायरी खाली आणता आला.

५ एप्रिल

रोजचा ताळा. पहाटे एक स्क्रिप्ट आमच्या टेबलमधले 'सेवेत पोचला' स्थितीतले पत्ते आणि सेवेतले सदस्य समोरासमोर ठेवते. फरक असेल तर मेल येतं, स्क्रिप्ट स्वतः काहीही दुरुस्त करत नाही. पहिल्याच दिवशी फरक निघाला: सेवेच्या पॅनेलमध्ये एका टॅगचं नाव बदललं होतं आणि आमचा कोड नावाने टॅग लावत होता, त्यामुळे त्या फॉर्मचे पत्ते एररच्या कोपऱ्यात साचत होते. आता टॅग आयडीने लावतो.

तळाचा आणि लेखाखालचा फॉर्म आज खऱ्या अर्थाने चालू झाले.

८ एप्रिल

पुस्तिकेचा फॉर्म चालू केला. इथे आधी पत्ता दिल्याशिवाय फाइल मिळत नव्हती आणि पत्ता दिला की यादीत नाव जायचं. दोन्ही सुटे केले. फाइल पाठवायला पत्ता घेतो, तो त्या कामापुरता. मासिक मेलसाठी वेगळा, रिकामा चेकबॉक्स आहे आणि तो तसाच सोडला तरी पुस्तिका मिळते. या फॉर्ममधून यादीत येणारे पत्ते साहजिकच कमी झालेत. ताईंना ते खटकतंय. जुन्या पद्धतीने आलेल्यांपैकी किती जण मेलमधल्या लिंक उघडत होते आणि नव्या पद्धतीने आलेले किती उघडतात, ते मे अखेरीस दोघांनी मिळून बघायचं ठरलंय. मेल उघडल्याचे आकडे त्यासाठी धरायचे नाहीत, कारण ॲपलच्या मेल ॲपमध्ये २०२१ पासून चित्रं आधीच उतरवून घेण्याची सोय आली आणि त्यामुळे न वाचलेलं मेलही उघडल्यासारखं दिसतं.

संपर्क-फॉर्म अजून जुन्याच कोडवर आहे. चेकबॉक्सची टिक टेबलपर्यंत पोचत नाही तोवर तो चेकबॉक्स पानावरून काढून ठेवला आहे.